बाबा अपाची झाले तो रविवार

माझ्या वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे त्यांना आयर्लंड दाखवायचं म्हणजे आयर्लंडमधली स्वच्छतागृहं दाखवायची. २०१७ च्या उन्हाळ्यात ते तीन महिने आमच्याकडे डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला राहायला होते. त्या तीन महिन्यांत मी या देशातले पेट्रोल पंप, वाचनालयं, दोन चर्च आणि एका अंत्यविधीवाल्याचं ऑफिस इतक्या आतून पाहिलं की विचारू नका. (टॉयलेट अंत्यविधीवाल्याचं सगळ्यांत छान होतं. साबणाला लॅव्हेंडरचा वास होता.) तेव्हा त्या अपाची सेंटरमध्ये आम्ही संस्कृतीच्या ओढीनं शिरलो असं मी आता म्हटलं, तर ते खोटं होईल.

रविवार होता. स्लायगोच्या मोठ्या हॉस्पिटलात काम करणारा यवतमाळचा एक डॉक्टर माझ्या नवऱ्याचा जुना मित्र. त्याच्याकडे तीन वाजता जेवायला बोलावलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसात त्या दिवशी कसलं तरी मोठं रिलीज होतं, म्हणून तो घरी लॅपटॉपसमोर बसला आणि मी, बाबा आणि माझी नऊ वर्षांची मुलगी असे तिघंच निघालो. शॅनन नदी ओलांडली आणि मागच्या सीटवरून नेहमीचा आवाज आला.

"थांबव वं बाई कुठं तरी."

बाबा अचलपूरकडचे. आयुष्यभर सातपुड्याच्या जंगलात वनपाल म्हणून नोकरी केली, आणि त्यांची बोली कुठल्या साहेबाला बदलता आली नाही, आयर्लंडलाही नाही. माझी मात्र पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावर लगेच बदलली. ‘मले’चं ‘मला’ व्हायला एक सेमिस्टर पुरलं.

रस्त्याच्या कडेला हातानं रंगवलेली एक पाटी दिसली. पिसांचा हा एवढा मुकुट घातलेला, विटेसारख्या रंगाचा, नाराज चेहऱ्याचा माणूस आणि त्याखाली अक्षरं. मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं: अपाची हेरिटेज सेंटर. चहा, स्कोन, टॉयलेट.

"अपाची?" बाबा म्हणाले. "ते तं फटफटी हाय ना? आपल्या शेजारच्या पोट्ट्यापाशी होती."

मी वळले. पाटीवरचा शेवटचा शब्द मला पुरेसा होता.

सेंटर म्हणजे एक जुना गोठा होता. काँक्रीटची जमीन, वर पत्रे, आणि कितीही फिनेल ओतलं तरी न गेलेला गाईंचा वास. दारात पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या, अंगात स्वतः विणलेला स्वेटर आणि कपाळावर एक पीस खोचलेला चामड्याचा पट्टा. बाबा त्यांच्याकडे न बघताच टॉयलेटच्या बाणाच्या दिशेनं आत धावले. मी मुलीला घेऊन इकडेतिकडे पाहू लागले.

मधोमध ताडपत्रीचा एक उंच शंकूसारखा तंबू. त्याच्या शेजारी विजेच्या जुन्या खांबावर कोरलेले गरुड, अस्वल आणि एक प्राणी, जो मला म्हैस वाटला आणि मुलीला माझा मॅनेजर. भिंतीवर दोऱ्याची जाळी विणलेली, पिसं लोंबणारी कडी, वाईट स्वप्नं अडवणारी. ती विकायला होती. एका कोपऱ्यात मातीचा जाड थर टाकून त्यात रोवलेली, वाकवलेल्या फांद्यांची बुटकी झोपडी. आणि मंचाजवळ एक पुतळा, उघडच कपड्यांच्या कुठल्या तरी बंद पडलेल्या दुकानातून आणलेला. त्याला तपकिरी रंग दिला होता, मुकुट चढवला होता, पण नाकाच्या शेंड्यावरचा रंग उडाल्यामुळे मूळची गोरी बाई आतून डोकावत होती. स्पीकरवर बासरी वाजत होती आणि मधेच गरुड किंचाळत होता.

मला हसू आलं, पण मी हसायला तेवढी मोकळी नव्हते. आदल्याच दिवाळीत आमच्या मंडळानं ल्यूकनच्या हॉलमध्ये ‘ग्रामीण महाराष्ट्र’ असा कोपरा केला होता. थर्माकोलची विहीर होती, आणि जन्मभर तिसऱ्या मजल्यावर राहिलेल्या दोन क्लाउड इंजिनिअरांनी चार्टपेपरवर वारली चित्रं काढली होती. चेन लावून शिवलेली नऊवारी नेसून मी स्वतः पुठ्ठ्याच्या जात्यावर दळत बसले होते. एका आयरिश बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी असंच असतं का?" तर मी मान डोलावून हो म्हणाले होते. माझ्या आईच्या घरी मिक्सर होता. मी जन्मले तेव्हाही होता.

तर बाबा टॉयलेटमधून बाहेर आले, आणि बाहेर स्वागत समिती उभी.

झालं होतं असं की त्या दिवशी दोन वाजता अमेरिकेतल्या ॲरिझोनाहून एक खरोखरचे अपाची ‘एल्डर’, म्हणजे तिथल्या आदिवासी जमातीतले वडीलधारे, भाषणाला येणार होते. गावातली तीसेक माणसं त्यासाठी खुर्च्यांवर येऊन बसली होती. आणि पावणेदोन वाजता गोठ्यात प्रवेश केला तो माझ्या वडिलांनी. रंग काळासावळा, नाक पोपटाच्या चोचीसारखं, गालांची हाडं वर आलेली. इथला न्हावी फार भराभर बोलतो म्हणून तीन महिने कापू न दिलेले, मानेवर रुळणारे पांढरे केस. अंगावर तपकिरी शाल. गळ्यात तुळशीची माळ. मला वाटतं, त्या माळेनं घात केला.

पट्टेवाल्या बाईंनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. हात अजून ओले होते. "यू आर सो वेलकम," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी पुढे झाले. "माफ करा, काहीतरी गैरसमज होतोय. आम्ही इंडियन आहोत."

"हो ना, लव्ह."

"नाही, म्हणजे आम्ही खरेखुरे इंडियन."

"आम्ही इथे आदरानं नेटिव्ह अमेरिकन म्हणतो," त्या माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, "पण तुम्ही स्वतःला इंडियन म्हणत असाल, तर तो तुमचा हक्क आहे."

मी तिसऱ्यांदा प्रयत्न करायला हवा होता. नागपूर, मुंबई, विमान, असं काहीतरी ठणकावून सांगायला हवं होतं. मी गप्प बसले. याचं कारण मी नंतर लोकांना ‘गंमत’ असं सांगितलं, पण ती गंमत नव्हती. आठवड्यापूर्वी एका दुकानात सिक्युरिटीचा माणूस बाबांच्या मागे-मागे बिस्किटांपासून शाम्पूपर्यंत फिरला होता. बाबांना ते कळलं होतं, आणि त्यांना कळल्याचं मला कळू नये म्हणून त्यांनी मुद्दाम प्रत्येक बाटली उचलून वाचली होती. आता या देशात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे देवळात बघावं तसं बघत होतं. ते चुकून का असेना, मला मोडवेना. शिवाय पहिल्या रांगेत जागा मिळाली आणि स्कोन, म्हणजे जॅम लावून खायचे ते गोल पाव, फुकट आले.

मग मालक आला. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा, मागे पोनीटेल, झालरी लावलेलं चामड्याचं जाकीट. नऊ वर्षं तो ॲरिझोनात घरांची छपरं घालत होता. छपराखाली कोण राहतं हे बघायला बहुधा वेळ मिळाला नसावा. पाहुण्यांशी त्याचं सगळं बोलणं ई-मेलवर झालेलं, नावावरून बाई की पुरुष ते कळत नव्हतं, पण वडीलधारं माणूस म्हणजे पुरुषच, हे त्यानं धरून चाललेलं. त्यानं बाबांसमोर छातीवर मूठ ठेवून मान झुकवली. बाबांनी आपलं सवयीनं नमस्कार केला. मागच्या रांगेतून मोबाइल वर झाले.

"मॅम," माझी मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आपल्याला अटक होणार आहे."

ती घरी मराठी ऐकते आणि डब्लिनच्या इंग्रजीत उत्तर देते; त्यात आईला ‘मॅम’ म्हणतात. तिला मी स्कोन खायला सांगितलं.

मालकानं भाषण केलं. आपण आयरिश आणि हे अपाची म्हणजे एकाच दुःखाची दोन भावंडं. जमीन गेली, भाषा गेली. आपल्याकडे बटाट्याचा दुष्काळ पडला, माणसं रस्त्यावर मरत होती, तेव्हा याच अपाचींनी, स्वतः उपाशी असताना, समुद्रापलीकडून आपल्याला मदत पाठवली. हे सांगताना त्याचा आवाज खरंच कापला. सगळ्यांनी उभं राहून बाबांसाठी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मला विचारलं, "काय म्हन्ते थो?"

"तुम्ही त्यांना दुष्काळात मदत केली म्हणतोय."

"म्या?"

"हो."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं. मघापासून ते त्या कोपऱ्यातल्या झोपडीकडे बघत होते. "हे कोनं बांधलं?"

"यानंच बांधलं असेल. का?"

"दार पाय ना. सारी हवा आत घुसते. अन् गाठ कशी मारली, वाऱ्यानं एका झटक्यात उडते हे."

आणि मालक "आता आपले एल्डर दोन शब्द बोलतील" असं म्हणत असतानाच बाबा उठून सरळ झोपडीकडे गेले. बाबांनी एक फांदी हलवून पाहिली. ती सुटून हातात आली. गवताचे भारे बांधायच्या निळ्या प्लास्टिकच्या सुतळीनं सगळं बांधलेलं होतं. बाबांनी ती सोडायला सुरुवात केली.

"हे काय करतायत?" मालकानं मला हळूच विचारलं.

"गाठ चुकली आहे म्हणतात."

तो लोकांकडे वळला. "आपल्याला बांधून ठेवणाऱ्या गाठी," तो दोन्ही हात पसरून म्हणाला, "आधी सोडाव्या लागतील."

लोकांनी माना डोलावल्या. एका गृहस्थांनी नाक शिंकरलं.

बाबांनी शाल काढून माझ्या मुलीच्या खांद्यावर टाकली आणि कामाला लागले. फांद्या उपटून पुन्हा रोवल्या, एकमेकींत वळवल्या, सुतळीला दुहेरी पीळ दिला. मधेच ते मालकाकडे बोट करून "धर" म्हणाले आणि मालकानं धरलं. बाहत्तर वर्षांच्या बाबांना मी घरी टीव्हीचा रिमोट उलटा धरताना पाहत होते. इथे त्यांचे हात मला ओळखू येईनात. वीसेक मिनिटांत झोपडी बुटकी, घट्ट, गोल उभी राहिली. त्यांनी तिला खांद्यानं एक धक्का दिला. ती हलली नाही. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

या सगळ्या वेळात मागच्या दारापाशी एक बाई येऊन उभी होती. पंचावन्नच्या आसपासची, ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, राखाडी फ्लीस, हातात भाड्याच्या गाडीची किल्ली. पट्टेवाल्या बाईंनी तिला खूण करून शेवटच्या रांगेत बसवलं होतं आणि ओठांवर बोट ठेवलं होतं. टाळ्या थांबल्यावर ती उठून पुढे आली, झोपडीत वाकून पाहिलं, आणि मला म्हणाली, "छान बांधली आहे. हे गृहस्थ कुठले?"

"माझे वडील. भारतातले. नागपूरजवळचे."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "मी रस्ता चुकले, त्यामुळे उशीर झाला. दोन वाजता बोलणार होते ती मी."

असा लाल रंग मी माणसाच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिलेला नाही. मालक आधीच लाल होता. आता तो कानांपासून मानेपर्यंत, पाटीवरच्या त्या माणसासारखा झाला. पट्टेवाल्या बाईंनी "ओह, जीझस" म्हणून कपाळावरचा पट्टा उतरवला आणि काय करायचं न सुचून खिशात कोंबला.

"तुम्हीच एल्डर?" मालकानं विचारलं.

"मी शाळेत गणित शिकवते. भाची गॉलवेला शिकते, तिला भेटायला आले होते. एल्डर कोण म्हणालं ते मला ठाऊक नाही. माझ्या आईनं ऐकलं तर ती हसत सुटेल."

ती अजिबात रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासाव्यात तशी ती शांतपणे गोठ्यातून फिरली आणि मालक तिच्या मागे. तंबू? तो गवताळ मैदानावरच्या लोकांचा. आमच्यातले काहीजण वापरत, माझे नाही. पिसांचा मुकुट? तोही मैदानावरच्यांचा. कोरलेला खांब? तो पार वर, समुद्रकिनाऱ्याच्या लोकांचा. तिथपर्यंत मी गाडीनंही कधी गेलेली नाही. जाळीची कडी? मोठ्या तळ्यांकडच्यांची. पुतळ्यापाशी ती थांबली, नाकाकडे पाहिलं आणि पुढे गेली.

"पण दुष्काळातली मदत?" मालकानं विचारलं. तेवढं तरी उरावं अशी त्याची धडपड होती.

"ते चॉक्टॉ जमातीचे लोक. भले लोक आहेत. पण मी चॉक्टॉ नाही."

"मग इथे तुमचं काय आहे?"

हे त्यानं इतक्या बारीक आवाजात विचारलं की मला त्या माणसाची दया आली. ती भिंतीकडे वळली आणि एका जुन्या फोटोपाशी गेली. फोटो बिचारा कोपऱ्यात, फायर एक्स्टिंग्विशरच्या वर लावलेला होता.

"हे," ती म्हणाली.

आम्ही सगळे जवळ गेलो. धुळीचं मोकळं आवार. बायका, पुरुष, पोरं एका ओळीत उभी. प्रत्येकाच्या गळ्यात धातूचा एक बिल्ला. ओळीच्या टोकाला टेबल, टेबलाशी टोपी घातलेला एक माणूस, समोर उघडी वही, हातात लेखणी. मागे बंदूकवाले शिपाई.

"बिल्ल्यावर नंबर असायचा," ती सांगू लागली. "आम्हाला आमच्या डोंगरांतून हलवून एका जागी आणलं, आणि कुणी पळून तर गेलं नाही ना हे बघायला अशी मोजणी करत. रेशनही नंबरावरच. माझ्या आजीच्या आईचा बिल्ला अजून आमच्या घरी आहे." मग तिनं मालकाकडे बघितलं. "या शिपायांमध्ये तुमच्याकडची बरीच पोरं असायची."

"आम्हीही सोसलंय," मालक म्हणाला.

"हो. म्हणूनच गेली असतील ती. उपाशी माणूस मिळेल ती वर्दी घालतो."

बाबा माझी बाही ओढत होते. "काय सांगते ते?"

मी सगळं सांगितलं. बाबांनी खिशातून चष्मा काढला, फोटोला नाक लागेल इतके जवळ गेले आणि बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, ते ओळीतल्या माणसांकडे बघतायत. त्यांनी टेबलाशी बसलेल्या माणसावर बोट ठेवलं.

"हा मी हाय," ते म्हणाले.

"बाबा, चला आता. तिकडे जेवायला थांबलेत."

"आयक तं. जंगलातलं एक गाव उठवलं व्हतं, वाघासाठी. तुले मालूम नसंल, तू होस्टेलवर व्हती. तीन दिवस म्या शाळेच्या वरांड्यात रजिस्टर घेऊन बसलो व्हतो. घराघराले डांबरानं नंबर टाकले. एकेकाले बोलवायचं, नंबर इचारायचा, अंगठा घ्यायचा." त्यांनी मागे झोपडीकडे हात केला. "हे गाठ ज्यानं शिकवली ना मले, थो म्हातारा आला. पळसाच्या मुळाचा दोर कसा वळाचा, दार कुठं ठेवाचं, समदं त्याच्याचकडून शिकलो. पाच वर्सं त्याच्या हातची भाकर खाल्ली म्या. मी त्याले नावानं वळखत व्हतो. तरी नंबर इचारला."

"का?"

"साहेब बसला व्हता बाजूले."

ती बाई माझ्याकडे पाहत होती. "काय म्हणतायत?"

मी आय टी मध्ये आहे. ग्राहकाला ऐकवेल अशा भाषेत गोष्टी सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. "ते म्हणतात," मी म्हटलं, "की फोटो फार हृदयस्पर्शी आहे."

"नाही म्हणाले ते असं," माझी मुलगी म्हणाली. शाल तिच्या खांद्यावरून जमिनीवर लोळत होती आणि ओठांना जॅम लागला होता. आणि मग तिनं तिच्या त्या ल्यूकनी इंग्रजीत, एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. तो टेबलवाला माणूस म्हणजे माझे आजोबा आहेत असं ते म्हणतायत. वही त्यांच्याकडे होती. त्या म्हाताऱ्याचं नाव माहीत असून त्यांनी नंबर विचारला. कारण बॉस शेजारी होता.

तिला मराठी समजतं याचा मी आजवर अभिमान बाळगत आले होते. त्या क्षणी मला वाटलं, शनिवारच्या मराठी वर्गाला हिला घातलीच नसती तर बरं झालं असतं.

ती बाई "असू दे" नाही म्हणाली, "तुमची काय चूक" नाही म्हणाली. आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी पाठीवर हात ठेवतं आणि सगळे सुटतात. तिनं कुणाला सोडलं नाही. तिनं विचारलं, "नव्या जागी पाणी होतं का?"

मी विचारलं.

"हातपंप दिला व्हता," बाबा म्हणाले. "वर्सभरात आटला."

"आमच्याकडे पाणी उशिरा आलं," ती म्हणाली. "धरणाचं. गाव त्याच्याखाली गेलं."

बाबांनी मान हलवली. मग दोघं तिथेच, त्या लाल एक्स्टिंग्विशरसमोर, शेजारी-शेजारी उभे राहून फोटो बघत राहिले, बस थांब्यावर उभे असल्यासारखे. पट्टेवाल्या बाईंनी दोघांना चहा आणून दिला. बाबांनी त्यात साखर नको म्हणून हात आडवा केला, तो त्या बाईंनी दोनदा आशीर्वाद समजून स्वीकारला.

निघताना पाहिलं, तर मालक एका खुर्चीवर बसून स्कोनच्या कागदी पिशवीवर पेन्सिलनं ती सांगेल ते लिहून घेत होता. मुकुट काढायचा. खांब काढायचा. अधूनमधून तो "ग्रँड, ग्रँड" म्हणत होता. मला वाटलं, हा माणूस सुधारणार. दोन वर्षांनी त्याच रस्त्यानं जाताना कळलं की तो सुधारला म्हणजे नेमकं काय झालं: अपाची अवघड जातात म्हणून त्यानं तिथे व्हायकिंग केंद्र काढलं आहे. पुतळ्याचा तपकिरी रंग खरवडून काढला होता. व्हायकिंग लोक तक्रार करायला येत नाहीत, एवढा धंद्यातला धडा मात्र त्यानं नीट घेतला होता.

गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला फोन लावला. "उशीर होतोय. अपाची सेंटरमध्ये अडकलो होतो."

"अपाची?" तो घाबरून म्हणाला. "डाउन आहे का?"

बारा वर्षं अपाची नावाचाच सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा नव्हती. मी फोन ठेवला.

स्लायगोला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. डॉक्टर, त्याची बायको आणि हॉस्पिटलातली आणखी दोन मराठी जोडपी भुकेनं वेडी होऊन बसली होती. उशिराची भरपाई म्हणून मी जेवताना सगळी हकिगत रंगवून सांगितली. ओल्या हातांचं स्वागत, बांधून ठेवणाऱ्या गाठी, उडालेली कबुतरं. गणिताच्या बाईंची एन्ट्री मी उभं राहून करून दाखवली. लोक पोट धरून हसले. एकाला ठसका लागला. मालक लाल झाला तिथे मी गोष्ट संपवली, कारण गोष्ट तिथेच संपते तेव्हा चांगली संपते, आणि पोळी वाढून घेतली.

"अर्धंच सांगतलं तू," बाबा म्हणाले.

मग उरलेलं त्यांनी सांगितलं. रजिस्टर, डांबराचे नंबर, म्हातारा, साहेब. नक्कल न करता, भात कालवत-कालवत. कुणी हसलं नाही. डॉक्टरच्या बायकोनं श्रीखंडाचा डबा उघडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

डॉक्टर चांगला माणूस आहे. त्यालाच राहवलं नाही. "काका, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? ते सगळं कायद्यानंच झालं होतं ना?"

"हो," बाबा म्हणाले. "कायद्यानंच."

त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"त्या बाईच्या गावातबी कायद्यानंच झालं व्हतं."

तेवढ्यात एकीनं ल्यूकनमधल्या शाळांचे प्रवेश यंदा फार कठीण झाले आहेत असा विषय काढला, आणि आम्ही सगळे, मी सगळ्यांच्या आधी, त्यावर तुटून पडलो.